बिर्बाला इटालियन येत नाही

(मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक गाव उभं करा. इटलीतल्या पिएमोंतेमधली टेकडी, टेकडीवर उंच घंटाघराचं चर्च, चर्चसमोर चौक. ऑक्टोबरची सकाळ आहे, खाली द्राक्षांचे मळे लाल-पिवळे झालेत. चौकाच्या मधोमध दोरी बांधून मातीचा एक चौकोन केलाय आणि पंचांनी त्या मातीत ट्रफल पुरलेत. ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी लपून वाढणारी अळंबी, दिसायला ओबडधोबड बटाटा, वासाला भयंकर आणि किमतीला त्याहून भयंकर. माणसाला ती सापडत नाही, कुत्र्याला सापडते. आज गावातल्या कुत्र्यांची स्पर्धा आहे आणि शेवटच्या जोडीची फेरी उरलीय. कडेच्या बाकावर बघा: गळ्याला मफलर गुंडाळलेले तिस्तीनआजोबा, शेजारी लेनाआजी, आणि तोरिनो शहरातून सुट्टीला आलेली त्यांची नऊ वर्षांची नात, इलारिया. बाकाखाली पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची बिर्बा. दिसली? मग आता कान द्या. त्यांचं बोलणं मघाशीच सुरू झालंय.)

लेना: ...म्हणून म्हणते, तुलाच जावं लागणार. माझा गुडघा काही त्या दोरीखालून वाकायचा नाही, आणि तुझ्या आजोबांचा आवाज रविवारी गेला.

इलारिया: कुठे गेला?

लेना: मूठचेंडूच्या सामन्याला. पंचांवर ओरडले ना! दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. लग्नापासून साठवलेले सगळे शब्द एका दुपारी उधळून आले. आणि कशावर? चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर!

तिस्तीन: …!

इलारिया: आजी, ते बाकावर बोट आपटतायत.

लेना: आत पडला म्हणतायत. बरं बाई, आत पडला. गप्प बसा आता.

तिस्तीन: …

लेना: गप्पच आहेत, माहितीय मला. सवयीनं म्हटलं.

इलारिया: आणि मी हरले तर?

लेना: काही नाही होणार. फक्त आजोबांना या चौकात उभं राहून, सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणावं लागेल, ‘चेन्सीनची कुत्री माझ्या कुत्रीपेक्षा चांगली आहे.’ शेजारच्या चेन्सीनशी तशी पैजच लागलीय त्यांची.

इलारिया: एवढंच?

लेना: एवढंच? अगं, या माणसानं जन्मात कशाला ‘चांगलं’ म्हटलेलं नाही! मला लग्नाच्या पोशाखात पाहिलं तेव्हा काय म्हणाले, ठाऊक आहे? ‘चालेल.’ माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, पोरी, नशीब काढलंस, किती बोलका आहे गं!

इलारिया: पण आवाजच नाही, तर म्हणणार कसं?

लेना: चेन्सीन थांबायला तयार आहे. आवाज येईपर्यंत रोज सकाळी आमच्या दारात येऊन बसणार म्हणतो. खुर्ची स्वतःची आणणार आहे.

इलारिया: नको! मी जिंकते. बिर्बा, चल. ऊठ ना. चेर्का, बिर्बा! शोध! ... आजी, ही हलतसुद्धा नाहीये.

लेना: कशी हलेल? तू इटालियनमध्ये बोललीस.

इलारिया: मग?

लेना: बिर्बाला इटालियन येत नाही.

इलारिया: कुत्रीला कुठली भाषा येते मग?

लेना: आपली. पिएमोंती. आपल्या घरात सगळ्यांना तीच येते. कोंबड्यांना, सशांना, मांजराला. चेन्सीनच्या गाढवालासुद्धा येते, पण ते ऐकत नाही, तो त्याचा स्वभाव.

इलारिया: आणि बाबांना?

लेना: समजते. बोलत नाही.

इलारिया: आणि मला?

लेना: तुझ्याशी फक्त इटालियन बोलायचं असं ठरलं होतं, बाळ. आजोबा लहानपणी शाळेत आपली भाषा बोलले, तर बाईंनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीला तेव्हापासून ओळखतात ते. म्हणाले, आपल्या पोरांना, नातवंडांना हे नको.

इलारिया: म्हणजे कोंबडीला येते आणि मला येत नाही?

लेना: कोंबडीला शाळेत जायचं नव्हतं गं.

इलारिया: म्हणूनच रोज सकाळी आजोबा अंगणात एवढं बडबडत असतात, आणि मी गेले की एकदम बंद! मला फक्त ‘जेवलीस का’ आणि ‘स्वेटर घाल’.

लेना: अगं, इटालियन म्हणजे त्यांचा चर्चला जायचा कोट आहे. घातला की हात हलवत नाहीत, मळेल म्हणून.

इलारिया: मला तो कोट नकोय. मला अंगणातलं हवंय.

तिस्तीन: …

लेना: ऐकलंत? वर काय बघताय? घंटाघर आहे तिथंच आहे.

इलारिया: मला शिकव ना आजी. आत्ता. फेरी सुरू व्हायच्या आत.

लेना: बरं. तीन शब्द पुरे. शोध म्हणजे ‘सेर्का’.

इलारिया: मी तेच तर म्हटलं!

लेना: नाही. तू विनंती केलीस. आपल्या भाषेत कुत्र्याला विनंती करत नाहीत, कुरकुर करतात. ओठ पुढे काढ. असं समज, तोंडात मक्याच्या पिठाची गरम गरम पोलेंता आहे, आणि समोर सासू बसलीय, त्यामुळे थुंकता येत नाही.

इलारिया: सेंऽऽर्का!

लेना: पोलेंता गार झाली. पुन्हा.

इलारिया: सेर्का!

लेना: हां, वाफ येतेय आता. दुसरा शब्द, ‘पियान पियानीन’. हळू, अगदी हळू. ट्रफल दिसला की म्हणायचं, नाहीतर दात लावते आणि फोडते. तो मात्र गोड म्हणायचा.

इलारिया: पियान पियानीन. हा सोपा आहे. तिसरा?

लेना: तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. ‘प्लांद्रूना.’

इलारिया: म्हणजे काय?

लेना: आळशी. कामचुकार. दिवसभर पसरलेली बया.

इलारिया: पण बिर्बा आळशी नाहीये!

लेना: नाहीच. म्हणून तर म्हणायचं. खरंच आळशी असती तर मनाला लागलं नसतं का? तुझे आजोबा उठल्यापासून तिला प्लांद्रूना म्हणतात. ते ऐकल्याशिवाय ती पाणी पीत नाही. रविवारपासून आवाज नाही, तर बघ कशी उतरलीय.

इलारिया: मला कधीच म्हणाले नाहीत ते.

लेना: तुला कशाला म्हणतील? तू घरची.

इलारिया: बिर्बा पण घरचीच आहे.

तिस्तीन: …

लेना: घंटाघर, हो, घंटाघर. बघा, बघा. आणि हे ऐक इलारिया, ट्रफल आणला की आजोबा तिला खिशातला शिळ्या पावाचा तुकडा देतात. एक दिला की ती त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवते. मग दुसरा मिळतो. त्यात गडबड करायची नाही, तिला हिशोब कळतो. अगंबाई, आला बघ शेजारी! सरळ बस.

चेन्सीन: नमस्कार, वहिनी. काय तिस्तीन, आज फारच बोलताय!

तिस्तीन: …

चेन्सीन: काय म्हणाले?

लेना: तुम्हाला लिहून दिलं तरी वाचवणार नाही, असं काहीतरी. ही आमची नात, इलारिया. बिर्बाला तीच नेणार.

चेन्सीन: वा! शहरातली! बिर्बाला शहराचा नकाशा दाखवणार वाटतं. बाळ, ही माझी कोन्तेसा. हिचे आईवडील, आजी-आजोबा, पणजोबा, सगळे कागदावर आहेत. तुमच्या बिर्बाचे वडील कोण?

लेना: ते शेजाऱ्यांना विचारावं लागेल, भाऊजी, आणि शेजारी तुम्हीच. तुमचा तो जुना कुत्रा आठवतोय ना, पुढच्या दारानं हाकलला की मागच्यानं यायचा?

चेन्सीन: खॅक! बरं, ते असू दे.

लेना: यंदा ट्रफल कसे काय, भाऊजी? मिळतायत?

चेन्सीन: कसले मिळतायत! दुष्काळ! हेझलनटएवढासुद्धा बघितला नाही. मी तर म्हणतो कुदळ विकून टाकावी आणि विणकाम शिकावं.

इलारिया: आजी, मघाशी ते दुसरे आजोबापण हेच म्हणाले. आणि ते लाल टोपीवालेपण.

लेना: अगं, ट्रफलवाला कधीच ‘मिळाला’ म्हणत नाही. मिळाला म्हटलं की लोक विचारतात, कुठे? आणि मग रात्रीतून ते झाड सगळ्या गावाचं होतं. तुझ्या आजोबांनी तर मलासुद्धा कधी झाड सांगितलेलं नाही. ताटात येतो तेव्हा म्हणतात, रस्त्यात पडला होता.

चेन्सीन: रस्त्यातच पडलेले असतात, वहिनी. भोकं असतात बैलगाडीला.

लेना: आणि एवढ्या उन्हात कोट गळ्यापर्यंत बंद?

चेन्सीन: थंडी आहे.

लेना: आणि हा वास कसला येतोय?

चेन्सीन: साबण! बायकोनं साबण बदललाय. ऐका, पंचांनी शिट्टी हातात घेतली. नियम ऐकलास ना बाळ? दोन्ही कुत्र्या एकदम सोडायच्या. जी आधी ट्रफल आणून आपल्या माणसाच्या हातात देईल, ती जिंकली. दुसरा नियमच नाही. चल कोन्तेसा, राणी माझी.

लेना: जा इलारिया. पोलेंता लक्षात ठेव!

इलारिया: बिर्बा, चल... आजी, शिट्टी झाली! आता काय करू?

लेना: आता दोरीच्या आत जा ना, मला काय विचारतेस!

इलारिया: गेले! कोन्तेसा हुंगायला लागली! आणि ही... आजी, ही आडवी झाली!

चेन्सीन: हाहा! ऊन खातेय! घाई करू नकोस बाळ, झोपू दे तिला. शहरात रविवारी उशिरा उठतात ना?

इलारिया: बिर्बा, ऊठ ना गं. प्लीज. चांगली ना तू? शहाणी ना? सेर्का...?

लेना: विनंती! पुन्हा विनंती! अगं, सासू आठव, सासू!

इलारिया: मला सासू नाहीये!

लेना: माझी आठव! फोटो बघितलायस ना जिन्यातला?

चेन्सीन: कोन्तेसानं उकरायला घेतलं! तिस्तीन, घसा खाकरून ठेवा! उद्या सकाळी खुर्ची घेऊन येतो!

इलारिया: उठतेस की नाही? सगळे हसतायत! आजोबा आवाज नसताना रडवेले झालेत, आणि तू लोळतेस? अगं ए... प्लांद्रूना! ऊठ, प्लांद्रूना! सेर्का!

चेन्सीन: कोण बोललं हे? तिस्तीनचा आवाज परत आला?

लेना: परत नाही आला, भाऊजी. पुढे गेला. एक पिढी टाकून उडी मारली त्यानं.

इलारिया: उठली! आजी, उठली! कान वर केले! ती... अगं, तिकडे नाही! माती इकडे आहे! बिर्बा! दोरीच्या कडेला कुठे चाललीस?

चेन्सीन: ए. ए, माझ्याकडे काय येतेस? जा. शूक! तिस्तीन, बोलवा हिला!

लेना: कसे बोलावतील? आवाज नाही त्यांना.

चेन्सीन: वहिनी, ही माझ्या कोटात तोंड घालतेय! बटणं! बटणं गेली! कोन्तेसा, भुंक हिच्यावर! कोन्तेसा!

लेना: कोन्तेसा कशी भुंकेल, तीही हुंगायला आली तुमचा साबण.

इलारिया: आजी, तिच्या तोंडात काहीतरी आहे! रुमालात बांधलेलं!

लेना: मग बघतेस काय! तिसरा नाही, दुसरा शब्द! गोड!

इलारिया: पियान, बिर्बा. पियान पियानीन... पियान... दे. माझ्या हातात दे. दिला! आजोबा, दिला! बघा!

लेना: देवा रे देवा. भाऊजी, हेझलनटएवढा म्हणालात ना? हा तर माझ्या मुठीएवढा आहे!

चेन्सीन: हा... हा कुठून आला?

लेना: तुमच्या आतल्या खिशातून.

चेन्सीन: कुणीतरी टाकला असेल. गर्दी आहे. हल्ली लोक काहीही करतात.

लेना: हो, हल्ली लोक फार दुष्ट झालेत. गुपचूप येतात आणि खिशात ट्रफल टाकून पळतात.

चेन्सीन: आणि हा मोजायचा नाही! मातीत पुरलेला शोधायचा होता!

इलारिया: पण तुम्हीच म्हणालात, चेन्सीनआजोबा. जी आधी ट्रफल आणून देईल ती. दुसरा नियमच नाही.

चेन्सीन: मी तसं... मला तसं म्हणायचं... पंच काय म्हणतात? पंच हसतायत. ते पंच आहेत का कोण आहेत?

तिस्तीन: …

लेना: थांबा, हे काहीतरी विचारतायत.

चेन्सीन: काय? भुवई कशाला उचलतायत?

लेना: आधी ट्रफलकडे बोट केलं. आता टेकड्यांकडे. आता पुन्हा भुवई. भाऊजी, ते विचारतायत, कुठल्या झाडाखालचा?

चेन्सीन: झाड? कसलं झाड?

लेना: आता नाकाशी धरलाय. माती चोळतायत बोटांत. मान हलवतायत. ‘ही माती ओढ्याच्या अलीकडची नाही,’ म्हणतायत.

चेन्सीन: वहिनी, हे सगळं त्यांनी भुवईनं सांगितलं?

लेना: लग्नाला एवढी वर्षं झाली, भाऊजी. भुवईच वाचत आलेय.

इलारिया: चेन्सीनआजोबा, ते लाल टोपीवाले आजोबा जवळ यायला लागलेत.

लेना: सगळेच यायला लागलेत. हे आता बोटांवर झाडं मोजतायत. पोपलर नाही... लिंडन नाही... ओक—

चेन्सीन: हरलो! मी हरलो! बिर्बा जिंकली! मिटलं! लोकहो, जागेवर जा, स्पर्धा संपली, इथं बघण्यासारखं काही नाही!

लेना: असं कसं संपेल? पैजेचं काय? म्हणा.

चेन्सीन: आत्ता? इथे?

लेना: इलारिया, तुझ्या आजोबांना विचार, ओकच्या पुढे काय म्हणत होते?

चेन्सीन: म्हणतो, म्हणतो! ऐका हो सगळे. ही तिस्तीनची बिर्बा... माझ्या कोन्तेसापेक्षा... माझ्या कोन्तेसापेक्षा ही...

लेना: मोठ्यानं.

चेन्सीन: ...वाईट नाही.

लेना: बाई गं! त्या लाल टोपीवाल्यानं टोपी काढली. भाऊजी, बसा, घाम फुटलाय तुम्हाला. एवढं कशाला बोलायचं एकदम?

चेन्सीन: पाणी द्या. नाही, वाइन द्या.

इलारिया: बिर्बा, ये, बाकाकडे ये. आजोबा, तिचा पाव! बघा, तिनं पंजा ठेवला तुमच्या गुडघ्यावर. दुसरा पण दिलात? आता खूश दिसतेय ती.

लेना: झालं तिचं. चला, घरी चला आता, मला नूडल्स कापायच्यात.

इलारिया: आजोबा, मी नीट म्हटलं का? तुमच्यासारखं?

तिस्तीन: …

इलारिया: आजी, काय म्हणतायत?

लेना: कळत नाहीये गं. भुवई हलत नाहीये. मफलर सैल करतायत.

तिस्तीन: प्लांद्रूना.

लेना: अहो! आवाज! आवाज आला! बिर्बा, ऐकलंस का गं, तुला किती दिवसांनी—

चेन्सीन: वहिनी.

लेना: काय?

चेन्सीन: ते कुत्रीकडे बघत नाहीयेत.

इलारिया: मला? आजोबा, मला म्हणालात?

लेना: अहो, हे काय, तो पाव तिला कशाला देताय? कुत्रीचा आहे तो! खिशात कधीपासून पडलाय, तंबाखू लागलीय त्याला! इलारिया, तोंडात घालू नकोस, घरी केक आहे. इलारिया! खाल्लास? सगळा? अगं, कसा होता तरी?

इलारिया: वाईट नव्हता.

लेना: झालं! ही पण गेली हातची. आणि आता हे काय गं? अशी काय बसलीस बिर्बाशेजारी? ... अहो, घंटाघराकडे काय बघताय? द्या की तिला अजून एक. कधीची हात ठेवून बसलीय तुमच्या गुडघ्यावर.